बिडवे सरांचा ब्लॉग आणि अल्मोड्याची पार्सलं

आमच्या ऑफिसच्या लायब्ररीतलं एखादं पुस्तक सापडेनासं झालं, की आमचे ग्रंथपाल बिडवे सर दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर अकरा वाजता ब्लॉगवर त्याची नोटीस टाकायचे. नोटिशीला कुणाची ना नाही. पण ती हरवलेल्या माणसाची असते तशी असायची.

‘नाव : डोंगरी भागातील रस्ते, भाग दुसरा. वय बत्तीस. बांधा मजबूत. रंग मूळचा हिरवा, आता मळकट. अंगात खाकी बाइंडिंग. पान नव्वदवर चहाचा जुना डाग. स्वभावाने शांत. मंगळवारी दुपारी कुणाला न सांगता निघून गेले. आढळल्यास ग्रंथपालास कळवावे. बाळ, असशील तिथून परत ये. कोणी रागावणार नाही.’

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस सटकलेला आहे. त्याला आता नऊ वर्षं झाली. आता मला तसं वाटत नाही, आता माझी खात्रीच आहे.

ऑफिस केंद्र सरकारचं, चंडीगडातलं. नाव सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे. मी साताऱ्याची. आमच्या ह्यांची बदली इथे झाली ‘फक्त तीन वर्षांसाठी’, म्हणून मीही मागून घेतली, आणि आता आमची लेक इरा मोहालीच्या कॉलेजात जाते आणि मी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला हिंदीत उत्तर देते. ऑफिसात मी आवक-जावक बघते. म्हणजे जे टपाल येईल आणि जे जाईल त्याची नोंद माझ्या रजिस्टरात. त्यामुळे कुणाचं कुणाशी काय चाललंय हे मला ऑफिसात सगळ्यात आधी कळतं, असा माझा समज होता.

बिडवे सर अकोटचे. उंच, वाळके, एप्रिल संपेपर्यंत गळ्यात मफलर. लग्न केलेलं नाही. चंडीगडात सगळे एकमेकांना ‘जी’ म्हणतात आणि हे वऱ्हाडातून येतानाच वाक्याच्या शेवटी ‘जी’ घेऊन आलेले, त्यामुळे पंजाबी मंडळींना हा माणूस पहिल्या दिवसापासून फार अदबशीर वाटला. ‘बिडवेजी बडे शरीफ आदमी हैं’, असं सगळे म्हणायचे. ब्लॉगवर स्वतःचा नंबर लागेपर्यंत.

ब्लॉगचं असं झालं. अकरा वर्षांपूर्वी डेहराडूनला ग्रंथपालांसाठी तीन दिवसांचं शिबिर होतं, ब्लॉग कसा लिहावा ह्यावर. त्या काळात प्रत्येक लायब्ररीचा ब्लॉग पाहिजेच अशी टूम निघाली होती. देशभरातले चाळीस ग्रंथपाल गेले, प्रत्येकाने एक पिशवी, एक प्रमाणपत्र आणि एक ब्लॉग घेऊन परतायचं होतं. बहुतेकांचे ब्लॉग ‘नमस्कार, आमच्या ब्लॉगवर आपले स्वागत आहे’ एवढं बोलून कायमचे गप्प झाले. बिडवे सरांचा चालू राहिला. ‘आज पुस्तकालय में’ हे त्याचं नाव. तो हिंदीत असतो, पण ती हिंदी अकोटहून निघालेली आहे. मी इथे आपली मराठीत सांगते.

रोज सकाळी अकरा वाजता आदल्या दिवसाचा अहवाल. ‘काल वाचक चार. एक वर्तमानपत्रासाठी. एक एसीसाठी. एक घरी भांडण झाल्यामुळे लवकर आलेले. चौथे शौचालय कुठे आहे हे विचारण्यास आले, परंतु जाताना नियतकालिकांकडे पाहिले, सबब वाचकात धरले आहेत.’ घरी भांडण झालेले म्हणजे आमचे स्टोअरकीपर. दुसऱ्या दिवशी त्यांची बायको ऑफिसात आली, काय कमी तमाशा झाला असेल! बिडवे सर शांत. म्हणाले, ‘नाव कुठी लिहिलं जी मी? कारण लिहिलं.’

माझ्यावरही हीच पाळी आली. मी लायब्ररीतून लोणच्यांचं एक पुस्तक नेलं होतं. सरकारी तांत्रिक लायब्ररीत लोणच्यांचं पुस्तक कसं, हे मला विचारू नका. इकडच्या फळावर आपला मसाला कसा बसेल ह्या विचारात पुस्तक जरा चार महिने राहिलं. एक दिवस अकरा वाजता ऑफिसभर खसखस. ब्लॉग उघडून बघते तर काय! ‘रंग पिवळा. पान एकसष्टवर आता तेलाचा डाग असण्याची शक्यता. शेवटचे दिसले तेव्हा आवक-जावक विभागाकडे जात होते. जाताना खूश नव्हते.’

मी तशीच जिना चढून वर गेले. ‘बिडवे सर, हे काय चालवलंय तुम्ही?’

‘काय झालं जी?’

‘माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीत.’

‘तुमचं नाव नाही घेतलं बाप्पा. विभाग लिहिला.’

‘अहो, विभागात मी एकटीच आहे!’

‘तो योगायोग आहे जी,’ म्हणाले आणि शिक्का मारायला घेतला. पुस्तक मी दुसऱ्या दिवशी परत केलं. पान एकसष्टवर तेलाचा डाग होता, तो त्यांनी बोट लावून पाहिला आणि पेन्सिलीने बाजूला तारीख घातली. मी जाताना दार जरा जोरात लावलं.

तेव्हापासून आमचा उभा दावा. मी त्यांचा ब्लॉग रोज वाचायची, वाचायची म्हणजे आपलं नाव नाही ना एवढं बघायची आणि बंद करायची. सगळं ऑफिस हेच करायचं. माझा तर विचार असा होता, की ह्या माणसाला दुसऱ्याच्या भानगडी जगापुढे मांडण्यात आसुरी आनंद मिळतो. एकटा जीव, घरी वेळ जात नाही, म्हणून हे धंदे.

आणि पार्सलं. ती आणखी वेगळीच कटकट. लायब्ऱ्यांमध्ये एक पद्धत असते. एखादं पुस्तक आपल्याकडे नसलं तर दुसऱ्या लायब्ररीकडून टपालाने मागवायचं, वाचून परत करायचं. आमच्याच खात्याचं एक छोटंसं केंद्र अल्मोड्याला आहे, तिथून बिडवे सर दर महिन्या-दीड महिन्याला एक पुस्तक मागवायचे. पार्सल यायचं कापडात शिवलेलं, वर सुंदर अक्षरात पत्ता. आणि त्याला मुंग्या! माझ्या टेबलावर, रजिस्टरात, चहाच्या कपात मुंग्या. एकदा तर पार्सल मी वैतागून स्वतःच उसवलं. आत पुस्तक, आणि पुस्तकाखाली पुठ्ठ्याच्या डब्यात बाल मिठाई. खव्याची, वर साखरेचे दाणे लावलेली, अल्मोड्याची खासियत आहे ती.

मी सगळं तसंच उचलून वर नेलं. बिडवे सर खुर्चीत बसलेले, पाठीमागे कपाट. आणि त्या कपाटात, त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर, तेच पुस्तक. माझ्या हातात होतं तेच. ‘पर्वतीय शेतीच्या पद्धती.’

‘सर, हे पुस्तक तुमच्या पाठीमागे आहे.’

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. ‘ती दुसरी आवृत्ती आहे जी.’

मी दोन्ही उघडून पाहिली. दोन्हींवर छापलेलं, दुसरी आवृत्ती.

‘मग ती प्रत जास्त वापरलेली असन.’

मी ती हातात घेऊन बघितली. त्या प्रतीची आतली पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती, कुणी उघडलीच नव्हती. मी कपाळाला हात लावला. सरकारचं टपाल वापरून हा माणूस स्वतःकडे असलेलं पुस्तक हजार कोसांवरून मागवतो आणि वर मिठाई खातो. असला येडेपणा मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, ‘तुला एक तरी तुकडा दिला का?’ नव्हता दिला. म्हणून आणखी राग.

मग एक दिवस बिडवे सरांनी वाघाच्या तोंडात हात घातला.

आमचे साहेब पंचकुल्याला राहतात, रोज मोठ्या पांढऱ्या गाडीने येतात. त्यांनी एक ॲटलास घरी नेला होता आणि वर्ष झालं तरी परत दिला नव्हता. अकरा वाजता नोटीस. ‘आकार अवाढव्य. वजन साडेतीन किलो, एकट्याने चालत जाणे अशक्य. शेवटचा दिसला तेव्हा पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून पंचकुल्याच्या दिशेने जात होता. सीटबेल्ट लावलेला नव्हता.’

साडेअकराला साहेबांनी मला बोलावलं. ज्याने असली पत्रं लिहायची तो क्लार्क रजेवर होता. साहेब हरियाणाचे, रागावले की आवाज थेट पार्किंगपर्यंत जातो. ‘मॅडम, ये ब्लॉग-व्लॉग बंद! आज के आज मेमो बनाओ. पक्का!’

मी आनंदाने मेमो बनवला. हो, आनंदाने. खोटं कशाला बोलू? ‘ग्रंथालयाचा ब्लॉग तत्काळ पूर्णपणे बंद करण्यात यावा.’ टाइप केला, आणि सहीला नेण्याच्या आधी मुद्दाम बिडवे सरांना दाखवायला वर गेले. मला त्यांचं तोंड बघायचं होतं.

त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचला. मला वाटलं भांडतील, निदान ‘वाचकांचा हक्क’ वगैरे काहीतरी म्हणतील. ते एवढंच म्हणाले, ‘पूर्णपणे म्हणजे कमेंटीपण बंद होतात का जी?’

‘पूर्णपणे म्हणजे पूर्णपणे. आणि तुमच्या ब्लॉगवर कमेंट करतंय कोण डोंबल!’

त्यांनी मेमो घडीवरून नीट दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला आणि मला परत दिला. मी जिन्यावर दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. हातातला कागद असा दुमडत-उलगडत राहिलेला माणूस मी पाहिला होता, माझे वडील, आईला दवाखान्यात नेलं त्या दिवशी. मेमो मी सहीला नेला नाही. साहेबांना सांगितलं, प्रिंटर बिघडलाय.

त्या संध्याकाळी घरी कणीक मळून ठेवली आणि इराचा लॅपटॉप घेऊन बसले. ब्लॉग उघडला. इतकी वर्षं रोज उघडत होते, पण कधी अहवालाच्या खाली गेले नव्हते. आमच्यापैकी कुणीच गेलं नव्हतं. आपलं नाव नाही ना, बस्स.

खाली रोज एक कमेंट होती. रोज, अकरा वाजून काही मिनिटांनी. सही : ‘ग्रंथपाल, अल्मोडा.’

‘आपले चार, आमचे दोन. पाऊस आहे. कपाट तीनवर पाणी गळते.’

त्याखाली बिडवे सर : ‘पावसात दोन म्हणजे चांगले. कपाटावर जाड प्लॅस्टिक टाकावे, खाली पाट ठेवावा. — ग्रंथपाल, चंडीगड.’

दुसऱ्या दिवशी : ‘प्लॅस्टिक टाकले. आपला खोकला?’

‘खोकला कमी आहे. काळजी नसावी.’

‘काळजी नाही. चौकशी आहे.’

मी मागे मागे जात राहिले. वर्षं उलटत गेली. ‘आज वाचक शून्य. एक माकड आले, परंतु नोंद केली नाही.’ त्यावर सर : ‘नियतकालिकांकडे पाहिले असल्यास नोंद करता येते.’ एकदा सरांकडून : ‘पुस्तक मिळाले. सोबतचे साहित्य सुस्थितीत होते. संपले.’ आणि तिकडून : ‘आपणाकडील सोबतचे साहित्यही मिळाले. नारिंगी रंगाचे, चवीस उत्तम.’ संत्रा बर्फी! दिवाळीत अकोटला जाऊन आले की सर जावक पार्सल करायचे, त्यालाही मुंग्या असायच्या. ती पार्सलं मीच रवाना केली होती, माझ्या सहीने.

आणि एका हिवाळ्यात सलग पाच दिवस तिकडून काहीच नव्हतं. बिडवे सरांच्या कमेंटी एकाखाली एक. ‘आपले वाचक किती?’ ‘आज आपले वाचक कळले नाहीत.’ ‘बर्फ पडल्याचे वर्तमानपत्रात वाचले.’ ‘ग्रंथपाल, अल्मोडा ह्यांनी कृपया कळवावे.’ पाचवी फक्त : ‘हेमाजी?’ सहाव्या दिवशी उत्तर : ‘वीज नव्हती. मी ठीक आहे. वाचक पाच दिवसांचे मिळून शून्य. आपण नावाने विचारलेत. — हेमा बिष्ट, ग्रंथपाल.’

इरा मागे येऊन उभी होती, कधीपासून ते मला कळलं नाही. म्हणाली, ‘मम्मा, ये ब्लॉग थोडी है. ये तो डेटिंग है. बस बहुत ही स्लो है.’

‘गप बस,’ म्हटलं, पण मला हसू आलं आणि लगेच रडू पण. मला स्वतःची लाज वाटली. ह्या माणसाच्या लिहिण्याला मी आसुरी आनंद म्हणत होते. अहो, त्याला त्या बाईला रोज काहीतरी सांगायचं असायचं, आणि आमच्या लायब्ररीत घडतं ते काय? म्हणून बिचारा स्टोअरकीपरचं भांडण आणि माझं लोणचं अल्मोड्याला पाठवत होता.

दुसऱ्या दिवशी मी मेमो नव्याने टाइप केला. ‘ग्रंथालयाच्या ब्लॉगवर आजपासून कोणताही नवीन लेख टाकू नये.’ साहेबांनी वाचला. ‘और वो नीचे कमेंट वगैरा?’

‘सर, कमेंट तो पब्लिक की होती है,’ मी म्हटलं. ‘पब्लिक को मेमो कैसे देंगे?’

साहेबांनी सही केली. मेमो मी वर नेऊन दिला. बिडवे सरांनी दोनदा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. ‘तुम्ही खाली वाचलं जी.’

‘वाचलं.’

ते कानापर्यंत लाल झाले. त्यांनी शेवटचा अहवाल टाकला तो असा : ‘आदेशानुसार आजपासून नवीन नोंद नाही. काल वाचक तीन. सर्व पुस्तके जागेवर आहेत, एक ॲटलास सोडून.’ ॲटलास त्याच आठवड्यात ड्रायव्हरच्या हातून परत आला. त्या अहवालाला आता दीड वर्ष झालं, त्यावर एक ओळ वाढली नाही. आणि त्याच्या खाली कमेंटी झाल्या सातशेच्या वर.

मग ह्या फेब्रुवारीत एक दिवस अकरा वाजता हेमाबाईंनी लिहिलं. आता मीही रोज खालचंच वाचते, आणि हे काही चांगलं वागणं नाही हे मला माहीत आहे. ‘महिनाअखेर मी निवृत्त होत आहे. माझ्या जागी कुणी येणार नाही, कपाटांना कुलूप लागेल. यापुढे ग्रंथपाल म्हणून इथे लिहिता येणार नाही. भावाचे घर हल्द्वानीला आहे. तिथे किती दिवस राहीन सांगता येत नाही. आपल्या ग्रंथालयात बाहेरच्या व्यक्तीस सभासद होता येते का?’

मी खुर्चीतच ताठ झाले. बाई किती सरळ बोलली होती! आणि खाली आमच्या महाशयांचं उत्तर : ‘नियम पाहून कळवतो.’

नियम पाहून! एक दिवस गेला, दोन गेले. ती रोज आपले वाचक कळवत होती, सर आपले कळवत होते, आणि नियमाचा पत्ता नाही. सहाव्या दिवशी मला राहवेना. वर गेले.

‘बिडवे सर, तुमची नियमावली चार पानांची आहे. तुम्हीच लिहिलेली. सहा दिवस काय बघताय तिच्यात?’

त्यांनी आवाज न करता ड्रॉवर उघडला. आत सभासदाचा फॉर्म होता. नाव भरलेलं, सुंदर अक्षरात. हेमा बिष्ट. बाकी रिकामा.

‘नियम सहा, पोटनियम ब,’ ते म्हणाले. ‘बाहेरच्या माणसाले कर्मचाऱ्यांपैकी एक जामीन लागते. ग्रंथपाल जामीन राहू शकत नाही. अन् शहरातला पत्ता लागते.’

‘मग जामीन मी राहते. आणा इकडे.’ मी सही ठोकली. ‘झालं?’

‘पत्ता, जी.’

‘फोन करून विचारा ना त्यांना.’

‘नंबर नाही.’

‘अकरा वर्षांत नंबर नाही घेतलात?’

‘काय म्हणून मागू? कामाचं तर खालीच होऊन जाते.’ मफलरचं टोक ते बोटाला गुंडाळत होते. ‘डेहराडूनले दोघांत एक कम्प्युटर होता जी. तीन दिवस आम्ही एकाच कम्प्युटरवर बसलो. त्यांनी टाइप केलं, मी वाचून दाखवलं. तेवढंच भेटलो. आता त्यांनी फक्त नियम विचारला. मी भलतंच समजून काहीतरी लिवलं, अन् त्यांनी बोलणंच बंद केलं तर? रोज अकरा वाजता जगात एक माणूस मले विचारून राहिला, वाचक किती आले. ते गेलं तर मी कोणाले सांगू जी? तुम्हीच सांगा, कोणाले सांगू?’

मग मला एकदम राग आला, त्यांचा, हेमाबाईंचा, पोटनियम ब चा, सगळ्यांचाच. मी फॉर्म ओढला, आणि ‘शहरातील पत्ता’ ह्या ओळीवर लिहून टाकलं : क्वार्टर नंबर अठरा, पहिला मजला. त्यांचा पत्ता.

ते बघतच राहिले. ‘मॅडम, हे पेनानं लिवलं तुम्ही. खोडता येत नाही.’

‘म्हणूनच लिहिलं.’

लिफाफा मी स्वतः बंद केला, जावक रजिस्टरात नोंद केली, आणि त्यांना विचार बदलायला वेळ मिळू नये म्हणून त्याच वेळी टपालाच्या गाडीत घातला.

त्यानंतर तिकडून कमेंट आली नाही. महिना संपला. अकरा वाजायचे, खाली काही नसायचं. बिडवे सरही काही लिहीत नव्हते. ते रोज टपालाच्या वेळेला माझ्या दारात यायचे, आत यायचे नाहीत, ‘काही?’ एवढंच विचारायचे, आणि मी मान हलवली की जायचे. आठवा-नववा दिवस असेल, मला जेवण जाईना. घरी हे म्हणाले, ‘तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?’ खरंच होतं ते. एका माणसाचं सगळं जग अकरा वाजता यायचं, आणि मी त्यावर पेन चालवलं होतं.

बाराव्या दिवशी लिफाफा आला. अक्षर ओळखीचं. मी नोंद न करताच उचलला, माझ्या नोकरीत पहिल्यांदा, आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. गुडघा अजून दुखतोय.

बिडवे सरांनी तो उघडला, शिवण उसवतात तसा सावकाश. फॉर्म आला होता. वर फोटो चिकटवलेला, पिकल्या केसांची, जरा रागीट नाकाची बाई. खाली सही. पत्त्याची ओळ जशीच्या तशी, खाडाखोड नाही. आणि त्याच्या खाली ‘सभासदत्व : वार्षिक / आजीव’ असे दोन पर्याय असतात, त्यात ‘वार्षिक’वर काट मारलेली होती. पेनाने.

त्यांनी फॉर्म पुढून वाचला, मागून वाचला. मागची बाजू कोरी होती, तरी वाचली. मग माझ्याकडे असे बघायला लागले की मला वाटलं आता पाणी आणावं लागतंय.

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘माझ्या घरी खुर्ची एकच आहे जी.’

‘मग बसलात काय? जा, दुसरी घेऊन या!’

अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज मी लिहून दिला, त्यांनी फक्त सही केली. लायब्ररीला त्यांनी स्वतः कुलूप लावलं, किल्ली माझ्याकडे दिली आणि मफलर टेबलावरच विसरून बाजारात गेले.